फेरनासिकाशस्त्रक्रिया
(रिव्हिजन राइनोप्लास्टी) नाकाच्या पहिल्या शस्त्रक्रियेने रूप किंवा श्वास मनाजोगा न झाल्यास त्याच नाकावर पुन्हा केलेली शस्त्रक्रिया. ही पहिलीपेक्षा अवघड, कारण शल्यचिकित्सकाच्या हाती सामान कमी उरते. मधल्या पडद्यातली सरळ, सोयीची कूर्चा (नाकाला आकार देणारे मऊ, लवचीक हाड) बहुधा आधीच खर्च झालेली असते. कानाची कूर्चा मऊ आणि वळणदार. ती शेंड्याला चालते, दांड्याला पेलत नाही. मग बरगडीची घ्यावी लागते आणि ती पुढे पिळवटली, तर सरळ बसवलेले नाक काही महिन्यांनी कलते.

असमाधानाचे एक नेहमीचे रूप म्हणजे ‘पोपटाची चोच’: शेंड्याच्या वरचा भाग फुगतो, शेंडा दबलेला दिसतो. कारण शेंड्याचा आधार ढासळणे असेल, तर पुन्हा शस्त्रक्रियाच लागते. त्वचेखाली व्रणऊती (जखम भरताना तयार होणारा घट्ट थर) साचली असेल, तर ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची अल्प मात्रेतली इंजेक्शने पुरू शकतात. सुरुवातीला दोन्ही सारखीच दिसतात, आणि घाईचे निर्णय इथेच चुकतात. याउलट कूर्चा जास्त काढली गेली असेल, तर दांडा खचतो, नाकपुडीची कड वर ओढली जाते किंवा श्वास घेताना बाजूची भिंत आत खेचली जाते. हा शेवटचा दोष फोटोत दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते.

शस्त्रक्रियेनंतर नाकावर बसवलेला साचा साधारण आठवड्याने निघतो, काळेनिळेपणा दोनेक आठवड्यांत ओसरतो. शेंड्याची सूज मात्र वर्षभर रेंगाळते. जाड त्वचेत त्याहूनही जास्त. सकाळी ती अधिक असते, त्यामुळे रोज आरशात पाहून काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात. पुढची दुरुस्ती निदान वर्षभर लांबवतात ती यासाठीच. तोवर खळगा भरायला फिलर (त्वचेखाली भरायचे जेलसारखे द्रव्य) टोचून घेणे धोक्याचे आहे: व्रणांमुळे रक्तवाहिन्यांची ठेवण बदललेली असते, आणि वाहिनी तुंबून त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. धूम्रपानानेही त्वचेचा रक्तपुरवठा घटतो.

त्वचा मेलीच, तर कपाळाच्या त्वचेची झडप (एका टोकाला जोडलेला पट्टा) खाली वळवून नाक झाकतात. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक याच पद्धतीने पुन्हा घडवले गेले होते. त्याचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले.