लोकरी मावा, त्याचं मेण आणि फवारणीचा न मिटलेला वाद

जूनचे ढग उतरले की माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या उसात पानं उलटी करून पाहायची सवय २००२ नंतर लागली. त्याआधी लोकरी मावा इथे कुणाच्या गावीही नव्हता. या किडीचं शास्त्रीय वर्णन १८९७ मध्ये जावातल्या उसावरून झालं. भारतात ती १९५८ मध्ये पश्चिम बंगालात नोंदली गेली आणि पुढची चार दशकं पूर्वेकडेच राहिली. २००२ च्या पावसाळ्यात ती सांगली जिल्ह्यात दिसली आणि बघता बघता भीमा-नीरेच्या पट्ट्यात पोचली.

वाऱ्याबरोबर पंखवाले मावे येतात हे खरं, पण सोलापूरपुरतं बोलायचं तर वाढ्यांचा, म्हणजे चाऱ्यासाठी कापलेल्या उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाटा विसरून चालणार नाही. ती दुष्काळाची वर्षं होती. सांगोला, मंगळवेढ्याकडे जनावरांना दुसरं काही घालायला नव्हतं, आणि ऊसपट्ट्यातून वाढ्यांच्या गाड्या भरून जात होत्या. पानामागे चिकटलेली वसाहत गाडीबरोबर फुकट प्रवास करायची. वाढी हलवू नका हे सांगणं शास्त्राला धरून होतं, पण दावणीला बांधलेल्या जनावराला ते ऐकवता येत नव्हतं.

माव्याच्या अंगावरची पांढरी लोकर म्हणजे केस नव्हेत, ते मेण आहे. पाठीवरच्या ग्रंथींतून त्याचे बारीक तंतू झिरपतात. लहान पिल्लं पिवळसर-हिरवट आणि जवळजवळ उघडी असतात. दोन-तीनदा कात टाकल्यावर मेण दाट चढतं आणि पानाची मागची बाजू मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना कापूस पिंजून ठेवल्यासारखी दिसते. भुकेल्या ढालकिड्याच्या (लेडीबर्ड भुंग्याच्या) अळीने तोंड घातलं की आधी हे मेणच तिच्या जबड्याला आणि पायांना चिकटतं. इतर माव्यांवर ताव मारणारे कितीतरी भक्षक इथे थबकतात ते यामुळे.

मेण ही पहिली तटबंदी, पण एकटी नव्हे. चावा बसलेला मावा पोटाच्या मागच्या टोकाजवळच्या दोन छिद्रांतून द्रवाचा थेंब सोडतो. त्या वासाने शेजारचे काही मावे सोंड उपसून पळतात, तर काही उलट शत्रूवरच चढतात. या किडीच्या कपाळावर दोन बारीक शिंगं असतात. पहिल्या अवस्थेतली पिल्लं शत्रूच्या अळीला किंवा अंड्याला पायांनी घट्ट धरतात आणि शिंगं खुपसतात. माव्यांच्या धोक्याच्या वासातलं मुख्य रसायन १९७२ मध्ये ओळखलं गेलं. वसाहतीसाठी लढणारे शिपाई मावे त्याच दशकात जपानमध्ये सापडले. तोवर मावा म्हणजे कुणीही यावं आणि खाऊन जावं, असाच समज होता.

आता २००२-०४ मधला निर्णय. त्यावर इथल्या पारांवर अजून आवाज चढतात. उपाय म्हणून मॅलॅथिऑन, डायमेथोएट, मिथाईल डिमेटॉन यांच्या फवारण्या आणि जमिनीतून फोरेटचे दाणे सुचवले गेले. घाबरलेल्या शेतकऱ्याला काहीतरी करायचं होतं, कारखान्यांना ऊस वाचवायचा होता. पण सहा महिन्यांच्या पुढचा ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरलं तर पात्यांनी अंग कापतं, आणि नळी कितीही उंच धरली तरी औषध पानाच्या वरच्या बाजूला बसतं. मावा खालच्या बाजूला. तिथवर पोचलेला थेंबही मेणावरून घरंगळतो. चिकटद्रव्य मिसळल्याने थोडा फरक पडतो, पण आडव्या पडलेल्या फडात तोही नाही. भक्षकाला अडवणारी लोकर औषधालाही तशीच अडवते, हा साधा हिशेब त्या घाईत मागे पडला.

त्याच औषधाने मरत कोण होतं? ‘डिफा’ नावाच्या पतंगाची अळी, जिला आपल्याकडे आधी ‘कोनोबाथ्रा’ म्हणत. राखाडी-हिरवट रंगाची ही अळी वसाहतीतच रेशमी जाळं विणते, त्यात माव्याचं मेण गुंतवते आणि त्या आडोशाला राहून मावे फस्त करते. ज्या मेणाने इतरांचे जबडे बांधले जातात, तेच हिच्या घराचं छप्पर होतं. अशी युक्ती इतरत्रही दिसते. दुसऱ्या एका लोकरी माव्यावर जगणारी जाळीपंखी किडीची अळी त्याचं मेण ओरबाडून स्वतःच्या पाठीवर लादते. १९७८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे मेण काढून टाकलेल्या अळ्यांना माव्याची राखण करणाऱ्या मुंग्यांनी उचलून दूर केलं. मेण पांघरलेल्यांकडे त्यांचं फारसं लक्ष गेलं नाही.

जाळं दिसलं की शेतकऱ्याला वाटायचं, आता उसाला अळीही लागली. मग आणखी एक फवारणी. ही चूक त्याची एकट्याची नव्हे. औषधाची मात्रा सांगणाऱ्यांनी अळीची ओळख सांगायला उशीर केला.

फवारणीची बाजू घेणारे म्हणतात, तेव्हा हाताशी दुसरं काय होतं? म्हणणं अगदीच पोकळ नाही. पहिल्या हंगामात मित्रकिडी, म्हणजे माव्यावर जगणाऱ्या किडी, पुरेशा नव्हत्या. प्रयोगशाळांत तयार मिळणारी क्रायसोपर्ला ही जाळीपंखी मित्रकीड सोडली गेली, पण लोकरी माव्यावर तिचा जोर बेताचाच. पुढे शेडनेटखालच्या उभ्या उसावर डिफा वाढवता आली, तेव्हा शिफारस ठरली: हेक्टरी १,००० डिफाच्या अळ्या, किंवा मायक्रोमस या दुसऱ्या मित्रकिडीच्या २,५०० अळ्या. म्हणजे एकरी ४०० किंवा १,०००. अळ्या-कोष असलेले पानांचे तुकडे संध्याकाळी मावा लागलेल्या पानांच्या मागे टाचायचे आणि त्या फडात औषध बंद ठेवायचं. ही दुसरी अट पाळली जात नसे आणि मग मित्रकिडींना बोल लावला जाई. ईशान्येतून आणलेली एन्कार्सिया ही मिलिमीटरपेक्षा लहान गांधीलमाशी मेण चढण्याआधीच्या पिल्लांत अंडी घालते. त्यामुळे लोकरीचा प्रश्न तिच्यापुरता उरतच नाही.

२००४-०५ पर्यंत राज्याचं साखर उत्पादन दोन हंगामांपूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आलं होतं. त्याचं खापर एकट्या माव्यावर फोडणं बरोबर नाही, मोठा घाव दुष्काळाचा होता. त्यानंतर मित्रकिडी पट्टाभर पसरत गेल्या तसा मावा ओसरला. त्याचं श्रेय आजही काहीजण औषधालाच देतात. फोरेटवर तर २०२० अखेरपासून देशात बंदीच आहे.

आज मावा गेलेला नाही, खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) आणि नदीकाठच्या दाट फडांत तो दबून असतो. सोलापूरचा उन्हाळा त्याला मानवत नाही, ढगाळ दमट हवा आणि नत्राचा जादा डोस मानवतो. पाहणी बांधावरून करू नये. चार-पाच सऱ्या आत जाऊन करावी. खालची पानं चिकट किंवा काजळीने काळी दिसली तर त्यांच्या वरच्या पानांची मागची बाजू तपासावी. लोकरीत जाळं आणि अळी असेल तर पंप घरीच ठेवावा. शेजारच्या फडात मावा असून मित्रकिडी नसतील तर आपल्याकडची अळ्या-कोषवाली पानं कापून तिकडे नेऊन टाचावीत. वाढी मात्र त्या फडातून बाहेर देऊ नयेत.