बोटांना ऐकू येणारी टिक

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बाबांचा जुना कॉम्प्युटर खाली उतरवला. पांढऱ्याचा पिवळा पडलेला डबा, टर्बोचं बटण, आणि समोर एक छोटंसं गोल कुलूप, म्हणजे गोल खाच आणि तिच्या मधोमध एक खुंटी. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता त्यांना आठवत असेल, चाबी फिरवली की कीबोर्ड बंद, पोरांचे गेम बंद. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी एटीवर असं कुलूप होतं, मग बाकीच्यांच्या डब्यांवरही ते येऊ लागलं. आमची चाबी केव्हाच हरवलेली. आई म्हणाली भंगारवाल्याला देऊन टाक, तर डबा दिला पण मागचा नट सोडवून कुलूप मात्र मी ठेवून घेतलं. ते चाबीशिवाय उघडायला मला सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांत घर्षण, स्प्रिंग, माप हे सगळं जसं बोटांनी कळलं तसं कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये कधीच कळलं नव्हतं.

आता हे कुलूप असतं कसं ते सांगते. आपल्या घरांच्या दारांवर जे नवतालसारखं जाडजूड कुलूप लटकलेलं असतं त्यात लिव्हर असतात, पितळेच्या पट्ट्या, चाबीने त्या ठरलेल्या उंचीला उचलल्या गेल्या की कडी सुटते. पिनचं कुलूप वेगळं. त्यात छोट्या छोट्या नळ्या, प्रत्येक नळीत एकावर एक दोन पिना, मागून स्प्रिंग. कुलुपाचा एक भाग फिरणारा आणि एक जागचा न हलणारा, आणि या दोघांच्या सांध्यात पिना आडव्या पडलेल्या असतात म्हणून फिरणारा भाग फिरत नाही. बरोबर चाबी घातली की प्रत्येक जोडीतल्या दोन पिनांमधली फट नेमकी सांध्यावर येते, एक पिन इकडे, एक तिकडे, मग रस्ता मोकळा. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची अशी कुलपं होती, आणि अमेरिकेत येल बाप-लेकांनी १८४८ आणि १८६१ मध्ये त्याला आजचं धातूचं रूप दिलं. आपण रोज वापरतो ती चपटी, दातेरी चाबी तिथलीच.

गोल कुलपात या पिना एका ओळीत नसून वर्तुळात मांडलेल्या असतात, बहुतेक वेळा ७, आणि त्या दाराकडे तोंड करून म्हणजे चाबी ज्या दिशेने आत जाते त्याच दिशेने बसवलेल्या असतात. म्हणून चाबी नळीसारखी पोकळ आणि तिच्या काठावर कमी-जास्त खोलीच्या खाचा. हे डिझाइन शिकागो लॉक कंपनीने १९३३ मध्ये एस (Ace) या नावाने बाजारात आणलं, आणि पुढे नाण्यांवर चालणारी मशिनं, अलार्मचे डबे, सायकलीची कुलपं, लॅपटॉपची केबल, सगळीकडे पसरलं. पण खरं पाहिलं तर याचा आजोबा इंग्लंडमध्ये आहे आणि त्याच्याकडे मी थोड्या वेळाने येते.

आधी आकडा. पिना ७ आणि प्रत्येक पिनेच्या खोलीच्या शक्य पायऱ्या ८ धरल्या, तर एकूण वेगवेगळ्या चाब्या होतात ८ चा ७ वा घात, म्हणजे २०,९७,१५२. एका सेकंदाला एक चाबी लावून पाहिली, न जेवता न झोपता, तरी २४ दिवस जातात. मग माणूस हातातल्या सुयांनी तेच कुलूप दोन मिनिटांत कसं काय उघडतो?

उत्तर फार सुंदर आहे. कारखान्यात ती ७ भोकं पाडली जातात तेव्हा ती एकदम तंतोतंत जागी पडूच शकत नाहीत. एखादं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या-दोनशेव्या भागाने डावीकडे, एखादं उजवीकडे. चाबीला याने काही फरक पडत नाही, उलट एवढी सूट नसती तर चाबी फिरलीच नसती. पण तुम्ही कुलपाला हलकासा पीळ दिला, फिरवायचा प्रयत्न केला, की सातही पिना एकाच वेळी अडकत नाहीत, जिचं भोक सगळ्यात जास्त सरकलेलं तीच पहिले अडकते. बाकीच्या सहा अजून मोकळ्या, स्प्रिंगवर हलून राहिलेल्या. मग त्या एकीला हळूहळू ढकलत नेलं की तिची फट सांध्यावर येते, आणि त्या क्षणी फिरणारा भाग केसाएवढा सरकतो. तेवढ्यानेच त्या पिनेला परत यायचा रस्ता बंद होतो, ती तिथेच राहते. आता दुसरी अडकते. मग तिसरी. म्हणजे ८ गुणिले ८ गुणिले ८ असं सात वेळा करायच्या ऐवजी ८ अधिक ८ अधिक ८, जास्तीत जास्त ५६ पायऱ्या. वीस लाखांचे छप्पन्न, आणि ते कशामुळे, तर कुलूप प्रत्येक पिनेबद्दल वेगवेगळं उत्तर देतं म्हणून. पासवर्डचं एक-एक अक्षर बरोबर आहे का ते कॉम्प्युटरने सांगून टाकलं तर जे होईल तेच इथे होतं.

हे काही आजचं नाही. जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने १७८४ मध्ये पेटंट घेतलेलं कुलूप असंच होतं, नळीसारखी चाबी, टोकाला खाचा, आत गोलाकार मांडलेल्या पट्ट्या, स्प्रिंगवर. १७९० पासून लंडनच्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या काचेत त्यांनी एक कुलूप ठेवलं, त्यात अशा १८ पट्ट्या, आणि जो उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस. साठ वर्षांहून जास्त काळ ते कोणालाच उघडलं नाही. १८५१ मध्ये लंडनला मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा अमेरिकेतून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स नावाचा कुलूपवाला आला आणि त्याने ते उघडलं, १६ दिवसांत मिळून ५१ तास खर्च करून. मला त्या ५१ तासांबद्दल फार आदर वाटतो. जोर लावून उघडायचं असतं तर एक हातोडा पुरला असता. त्याने एकेका पट्टीला विचारत विचारत कुलपाकडून उत्तर काढलं.

गोल कुलपासाठी जे हत्यार मिळतं ते या प्रश्नोत्तराला एकाच वेळी सात तोंडांनी करतं. पेनाएवढी नळी, तिच्या काठावर सात खाचांत सात पातळ सुया, आणि त्या सुया जागी धरायला रबराची रिंग किंवा आवळायचं कडं. नळी कुलपात दाबली की प्रत्येक सुई आपापल्या पिनेवर टेकते. हलकं डावं-उजवं करत पीळ दिला की जी पिन अडकली ती मागे सरकायचं नाकारते, मग पिनेऐवजी सुईच आपल्या खाचेत मागे सरकते, जेवढी सरकायला हवी तेवढीच. असं एकेक करत सातही सुया आपापल्या खोलीवर येऊन थांबतात आणि कुलूप फिरतं. गंमत म्हणजे आता त्या हत्याराच्या सुया हीच चाबी झाली, हरवलेल्या चाबीच्या खाचांचं माप तुमच्या हातात.

वाचायला सोपं आहे. मी मात्र पहिले दोन महिने नुसती जोर लावत होते. रिंग घट्ट केली तर सुया सरकतच नव्हत्या आणि सगळ्या पिना खोल गाडल्या जायच्या, ढिली केली तर पिनांच्या स्प्रिंगच त्यांना भराभर मागे ढकलून द्यायच्या, आणि पिळाच्या जोराने एक सुई वाकली ती वेगळीच. शेवटी कुलूप घेऊन नागपूरच्या महाल भागात एका चाबीवाल्या काकाजींकडे गेले. फूटपाथवर छत्री, एक पेटी, चाब्यांचे जुडगे लटकलेले. त्यांनी हत्यार हातात घेतलं, माझा हात पाहिला आणि म्हणाले, "ताई, जोर कायले लावून राहिल्या? चिमणीचं पिल्लू धरल्यावानी धरा न. अडकलेली पिन सोताच सांगते." मग त्यांनी मला डोळे बंद करायला लावले आणि कुलूप माझ्या कानाला न लावता माझ्या नखावर टेकवलं. आणि खरंच, पिन बसली तेव्हा मला आवाज आला नाही, नखात टिक झाली.

या टिकमागचं शरीरशास्त्र मी नंतर वाचून काढलं. आपल्या त्वचेत खोलवर कांद्यासारख्या थरांच्या बारीक संवेदी गाठी असतात, पॅसिनियन कॉर्पसल म्हणतात त्यांना, आणि त्या फक्त कंपनं टिपतात, सगळ्यात चांगली सेकंदाला २०० ते ३०० वेळा होणारी. हातात लोखंडी वस्तू असली तरी तिच्या दुसऱ्या टोकाचं कंपन त्यांच्यापर्यंत पोचतं, म्हणून आंधळ्या माणसाला काठीच्या टोकाखालची गिट्टी आणि डांबर वेगळं कळतं. आणि बोट किती तल्लख असतं याचा अंदाज यावा म्हणून सांगते, स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की बोट फिरवून माणूस १३ नॅनोमीटर उंचीच्या वळ्या गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखू शकतो. आपला केस त्यापेक्षा हजारो पटींनी जाड. तेवढं सगळं यंत्र आपल्या हातात जन्मापासून आहे आणि आपण त्याने मोबाइलची काच घासत बसतो.

पण नागपूरच्या मे महिन्यात हेच यंत्र माझं बिघडलं. दुपारी ४५ अंश, कूलर चालू, टेबल खिडकीजवळ, आणि जी टिक महालातल्या गोंधळातही कळली होती ती घरी कळेचना. मला वाटलं घामामुळे असेल. एके दिवशी लाइट गेली, कूलर बंद पडला आणि दुसऱ्याच मिनिटाला टिक! मग लक्षात आलं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे मोटरची घुंघुं मुख्यतः १०० ची, ती फरशीतून टेबलात, टेबलातून माझ्या कोपरात, आणि त्या कॉर्पसल बिचाऱ्या आधीच घुंघुं टिपण्यात गुंतलेल्या. एका कंपनाखाली दुसरं दबून जाणं ही मोजलेली, सिद्ध झालेली गोष्ट आहे. तेव्हापासून मी पहाटे पाचला, कूलर बंद करून बसते. टेबलावर जाड सतरंजीची घडी.

उन्हाळ्याचा आणखी एक समज इथे दूर करावासा वाटतो, कारण आमच्याकडे सगळेच म्हणतात की गरमीने कुलूप फुगलं म्हणून चाबी फिरत नाही. पितळ फुगतं हे खरं. एका अंशाला लांबीच्या दहा लाख भागांपैकी साधारण १९ भाग, म्हणजे २५ मिमीचा तुकडा ३० अंश तापला तर जवळपास ०.०१४ मिमीने वाढेल. पण फिरणारा भाग पितळेचा आणि बाहेरचाही पितळेचा असेल तर दोघं सोबतच वाढतात, त्यांच्यातली फटही त्याच प्रमाणात वाढते, कमी होत नाही. चाबी अडते ती धुळीने, आणि कोणीतरी प्रेमाने सोडलेल्या खोबरेल तेलाने, जे धूळ धरून ठेवतं आणि सुकून चिकट होतं. कुलपाला ग्रेफाइटची पावडर द्या, तेल नको.

२००४ मध्ये अमेरिकेत या गोल कुलपांची मोठीच फजिती झाली. क्रिप्टोनाइट कंपनीचं सायकलचं दणकट यू आकाराचं कुलूप बिक बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतं हे लोकांनी व्हिडिओ करून दाखवलं. नळीचा व्यास योगायोगाने जुळत होता, प्लास्टिक मऊ, पिनांनी स्वतःच त्यावर आपले ठसे उमटवले, म्हणजे सात सुयांचं काम पेनाच्या काठाने केलं. कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली. काही लोक म्हणतात की असं दाखवणं चूक, चोरांना शिकवणं झालं. मला पटत नाही. लाखो सायकलवाले ज्या कुलपाच्या भरवशावर होते ते कच्चं आहे हे त्यांना कळायलाच हवं होतं. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञांनी १८८३ मध्ये सांकेतिक लिपीबद्दल लिहिलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडू नये, गुपित फक्त चाबीत असावं. कुलपालाही तेच लागू.

पण हौस करणाऱ्याने दोन नियम डोळ्यांत तेल घालून पाळायचे. कुलूप स्वतःचंच असावं, आणि ते वापरात नसावं, कारण सराव करताना पिन खराब होऊन दार बंदच राहू शकतं. आणि हत्यार घरीच ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ आहे, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान घरफोडीचं हत्यार कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडलं तर गुन्हा, आणि कारण होतं हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. काकाजींकडे मी जायची ते भर दुपारी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, पहाटे कुलूप फिरलं. सात टिका मोजल्या, सातवीनंतर हातातला पीळ एकदम रिकामा झाला, जसं गुळगुळीत लोण्यातून सुरी फिरावी तसं. मी सुया तशाच आवळून ठेवल्या आणि व्हर्निअर या बारीक मोजपट्टीने एकेकीची खोली मोजून कागदावर लिहिली. या चाब्यांच्या खाचांत एका पायरीचा फरक साधारण ०.४ मिमीचा असतो त्यामुळे मोजमाप जवळच्या पायरीला जुळवता येतं. कागद घेऊन महालात गेले. काकाजींनी पेटीतून एक कोरी गोल चाबी काढली, गोल कानशीने सात खाचा घासल्या, मध्ये मध्ये फुंकर मारत, डोळ्याजवळ नेऊन पाहत. घातली, फिरली नाही. त्यांनी चाबी काढली, काठावर पिनांचे ठसे उजेडात पाहिले, पाचव्या खाचेवर दोनच हात मारले आणि पुन्हा माझ्याकडे दिली. "आता फिरवा."

फिरली. बाबांना दाखवली तर ते चाबी हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसले, चालू, बंद, चालू, बंद.