फायर की शॉक: ईयू४ मध्ये जनरल निवडताना

गेल्या आठवड्यात रात्री पावणेबाराला मामेभावाचा स्क्रीनशॉट आला. खाली एकच ओळ : "दादा, कोणाला ठेवू?" युरोपा युनिव्हर्सालिस ४ (ईयू४) या इतिहासावरच्या कॉम्प्युटर गेममध्ये तो बहामनी खेळतोय, विजयनगरशी युद्ध तोंडावर आलंय आणि पन्नास-पन्नास मिलिटरी पॉइंट मोजून त्याने दोन जनरल घेतलेत. पहिल्याचे आकडे फायर ४, शॉक १, मॅन्युव्हर २, सीज ०. दुसऱ्याचे फायर १, शॉक ४, मॅन्युव्हर २, सीज ०. दोघांची बेरीज सात. मी टाइप करेपर्यंत त्याने स्वतःच उत्तरही देऊन टाकलं, "कोणीही चालेल ना? फायर काय नि शॉक काय, दोन्ही मारायचेच आकडे."

मारायचे आकडे आहेत खरे, पण ते वेगवेगळ्या वेळी मारतात आणि वेगवेगळ्या हातांनी मारतात. गोंधळ होतो तो इथेच.

ईयू४ मधली लढाई तीन-तीन दिवसांच्या पाळ्यांनी चालते. पहिले तीन दिवस फायर फेज (लांबून गोळीबार), पुढचे तीन शॉक फेज (जवळ भिडून हातघाई), मग पुन्हा फायर, आणि एक बाजू मोडेपर्यंत हेच. प्रत्येक फेजच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंचा फासा पडतो, शून्य ते नऊ. फायर फेजमध्ये जनरलचा फायर बघितला जातो, शॉक फेजमध्ये शॉक. त्यातही पूर्ण आकडा मिळत नाही, समोरच्या जनरलपेक्षा तुमचा जितका जास्त, तेवढाच फरक तुमच्या फाशात मिळवतात. तुमचा शॉक ५ आणि त्याचाही ५ असेल, तर तुमच्या पाचाची किंमत शून्य. अर्थात तो पाच नसता तर समोरच्याने तुम्हाला सोलून काढलं असतं, हेही तितकंच खरं.

आता मामेभावाचेच दोघे एकमेकांसमोर उभे करून बघू. फासा दोघांना ५ पडला असं धरा, मैदान सपाट, युनिटचे, म्हणजे फौजेतल्या तुकड्यांचे, स्वतःचे आकडे (ठिपके) बाजूला ठेवा. फायर फेजमध्ये पहिल्याचे ५ अधिक ३ म्हणजे ८, दुसऱ्याचे नुसते ५. गेमचं सूत्र आहे १५ अधिक पाच गुणिले ही बेरीज. म्हणजे पहिल्याचा मार ५५, दुसऱ्याचा ४०. तीन दिवसांनी शॉक फेज लागली की हेच आकडे उलटे. कागदावर फिटंफाट. मामेभाऊ इथवर बरोबरच होता.

पण हे ५५ आणि ४० थेट माणसांवर पडत नाहीत. त्यांना आधी तुमच्या मिलिटरी टेकनुसार, म्हणजे लष्करी तंत्रज्ञानाच्या पातळीनुसार, ठरलेल्या गुणकाने गुणतात, आणि तो गुणक पायदळ, घोडदळ, तोफखाना यांचा वेगळा, शिवाय फायरचा वेगळा, शॉकचा वेगळा. गेम सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला. त्या काळात घोडदळाचा फायर गुणक चक्क शून्य असतो. शून्याला ५५ ने गुणा नाहीतर ५५० ने! पायदळाचाही शॉक गुणक फायरपेक्षा चढा असतो, आणि तोफा तर अजून यायच्याच असतात, त्या मिलिटरी टेक ७ ला मिळतात. थोडक्यात, पंधराव्या शतकात फायर ४ वाल्या जनरलला दारूगोळ्याचं कोठार सांभाळायला दिलंय आणि कोठार रिकामं आहे.

म्हणून मी मामेभावाला लिहिलं, शॉकवाला ठेव.

हाच स्क्रीनशॉट त्याने गेममधल्या सोळाशे पन्नासच्या सुमाराला पाठवला असता तर मी बरोबर उलटं सांगितलं असतं. तोफांचा जीव सगळा फायरमध्ये. सुरुवातीला शॉक फेजमध्ये त्या नावापुरत्या असतात, पण त्यांचा फायर टेकबरोबर वाढत जातो आणि टेक १६ ला मोठी उडी मारतो. मागच्या रांगेतून त्या निम्माच मार करतात, तरी ती रांग भरलेली असली की पहिल्या तीन दिवसांतच समोरच्याचं मोराल, म्हणजे लढायची हिंमत, खाली येतं. शिवाय पायदळही तोवर बंदुकीवर आलेलं असतं. आणि लढाईची पहिली पाळी फायरची, हे विसरू नका. जो फायरमध्ये मार खातो, तो आपल्या शॉकपर्यंत पोचतो तेव्हा निम्मा झालेला असतो.

हे मी अनुभवाने बोलतोय. शॉक ५, फायर ० असला एक जनरल मला उस्मानी खेळताना मिळाला होता आणि मी त्याच्यावर फिदा होतो, कारण त्याआधीच्या शंभर वर्षांत शॉकवाल्यांनीच मला सगळं जिंकून दिलं होतं. सतराव्या शतकात ऑस्ट्रियाने त्याला हंगेरीत गाठलं. शॉक फेजमध्ये त्याने करामत दाखवलीही, पण तोवर पुढची रांग फाटली होती. मी पाच बघत बसलो, शून्याकडे लक्षच नव्हतं.

गंमत म्हणजे गेमची ही फायरनंतर शॉक अशी पाळी अगदीच मनाची नाही. मामेभाऊ ज्या मुलखात लढतोय, त्याच कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबात १५२० साली रायचूरची लढाई झाली. इस्माइल आदिलशहा कृष्णा ओलांडून आला आणि त्याची सगळी भिस्त तोफखान्यावर. फर्नाव नुनीश या पोर्तुगीजाने लिहून ठेवलंय की तोफा एकदम डागल्या, विजयनगरची पुढची फळी हबकून मागे आली, आणि मग कृष्णदेवरायाने मागची फळी घेऊन असा हल्ला चढवला की आदिलशाही फौज पळत पळत पुन्हा कृष्णेत जाऊन पडली. फायर फेज आदिलशहाची, शॉक फेज रायाची. पहिली पाळी जिंकूनही लढाई हरता येते ती अशी, दुसरी पाळी खेळायला समोरचा शिल्लक राहिला तर.

पुढे काटा फायरकडे झुकला, तोही आपल्याच इतिहासात दिसतो. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपी सेनानीला नोकरीत घेऊन कवायती पलटणी आणि तोफखाना उभा केला, आणि १७९० मध्ये राजस्थानात पाटण आणि मेडत्याला राठोडांच्या घोडदळाचे हल्ले त्या पलटणींवर येऊन आदळले नि फुटले. राठोडांच्या शौर्यात काही कमी नव्हतं. त्यांचा आकडा शॉकच्या रकान्यात होता, एवढंच.

आणखी एक घोटाळा नवे लोक हमखास करतात. जनरलचा फायर, युनिटचा फायर आणि टेकचा फायर गुणक ही तीन वेगळी प्रकरणं आहेत, तिन्हींना नाव मात्र एकच. युनिट निवडताना जे ठिपके दिसतात ते युनिटचे, त्यात हल्ल्याचे वेगळे, बचावाचे वेगळे. ते आणि जनरलचा आकडा दोन्ही फाशाच्या बेरजेत जातात. गुणक मात्र त्या बेरजेला बाहेरून गुणतो. त्यामुळे आधी गुणक बघायचा, म्हणजे सध्या कोणती फेज खरी मारते ते कळतं, आणि मग त्या फेजचा जनरल घ्यायचा. नुसती आकड्यांची बेरीज बघून निवड करणं म्हणजे आंब्याची पेटी वरच्या थरावरून घेणं.

मॅन्युव्हरबद्दल फार लिहीत नाही. फौज चालते भरभर, वाटेत माणसं कमी मरतात, आणि नदी ओलांडून हल्ला करताना फाशातून जो एक वजा होतो तो तुमचा मॅन्युव्हर समोरच्यापेक्षा जास्त असेल तर टळतो. समान असून भागत नाही, जास्तच हवा. मुलूख नद्यांचा असेल तर बघा, नाहीतर सोडून द्या. डोंगरात मात्र हल्लेखोराचे दोन वजा होतात आणि तिथे मॅन्युव्हरही वाचवत नाही. सह्याद्रीत उन्हाळी ट्रेक केलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

सीजकडे मात्र कोणी बघत नाही, आणि युद्धाचा निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जातो. वेढ्याचा फासा वेगळा, एक ते चौदाचा. साधारण तीस दिवसांनी एकदा पडतो. तोफा, आधीची प्रगती, किल्ल्याची पातळी असं सगळं धरून बेरीज वीस झाली की किल्ला हातात. समजा जनरल सोडून तुमची जमा ८ आहे. म्हणजे १२, १३ किंवा १४ च पडायला हवेत, चौदातून तीन संधी. आता सीज ३ चा जनरल आणून बसवा. जमा ११ झाली, ९ पडले तरी चालतील, चौदातून सहा संधी. सरळ दुप्पट. लढाईतला तीनचा फरक एका दुपारचा असतो, हा दर महिन्याला कामी येतो. म्हणून मी नेहमी दोन जनरल बाळगतो, एक मैदानाचा, एक किल्ल्याचा. मर्यादेपेक्षा जास्त जनरल ठेवले तर दर महिन्याला मिलिटरी पॉइंट कापले जातात हे मान्य, पण वेढा दोन महिने आधी सुटला तरी ते वसूल होतात. अदलाबदल तेवढी वेळेवर करायची. लढाई जुंपल्यावर जनरल बदलता येत नाही.

हे एवढं सगळं मी त्या रात्री लिहिलं नाही. "शॉकवाला घे, सीजवाला शोध," इतकंच पाठवून झोपलो.

सकाळी चहा घेताना त्याचा मेसेज दिसला. मैदान मारलं होतं, विजयनगरची मुख्य फौज साफ. खाली दुसरा स्क्रीनशॉट, किल्ल्यासमोर उभा तोच जनरल, सीज ०, आणि वेढ्याला आठवा महिना. "दादा, सीजवाला शोध म्हणालास ते सीरियसली म्हणाला होतास का?"