नव्या जातीचा पहिला प्राणी जोडीदार कुठून आणतो?

सह्याद्रीतल्या एखाद्या सड्यावर पालीची किंवा बेडकाची नवी जाती सापडल्याची बातमी हल्ली वरचेवर येते. (वर्तमानपत्रे ‘प्रजाती’ लिहितात. शाळेच्या पुस्तकात प्रजाती ही जातीच्या वरची पायरी असते, म्हणून मी ‘जाती’च म्हणतो.) अशी बातमी आली की कोणीतरी हमखास विचारते, ‘नव्या जातीचा पहिला प्राणी जन्मला, तेव्हा त्याने जोडीदार कुठून आणला?’

प्रश्न रास्त आहे, पण असा पहिला प्राणी कधी नसतोच. दोन डोक्यांचे वासरू जन्मले की हळदकुंकू वाहायला रांग लागते, कोणी त्याला अवतार ठरवते. ती गर्भाच्या वाढीतली गडबड असते. त्या बिचाऱ्याला पशुवैद्याची गरज असते, आरतीची नव्हे. नवी जाती अशी एका बाळंतपणात जन्मत नाही.

मग ती होते कशी? दोन कळपांच्या संकरातून वांझ पिल्ले होऊ लागली, की त्यांच्यात भिंत उभी राहते आणि ते वेगळ्या जाती ठरू लागतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. समजा, त्यातली ‘अ’ ही एक प्रत बदलून ‘आ’ झाली आणि ज्याच्यात अ-आ असे दोन्ही आले तो वांझ निघाला. म्हणजे बदल झालेला पहिलाच जीव वांझ! बदल तिथेच संपला. एका जनुकाच्या बळावर ही दरी ओलांडणे फार अवघड.

आता दोन जनुके घ्या, ‘अ’ आणि ‘ब’. एक कळप डोंगराच्या अलीकडे, एक पलीकडे. अलीकडे ‘अ’चा ‘आ’ झाला. त्याचे ‘ब’शी छान जमते, कोणी वांझ नाही. पलीकडे ‘ब’चा ‘बा’ झाला. त्याचे ‘अ’शी छान जमते. दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदल्या. पण ‘आ’ आणि ‘बा’ एका शरीरात कधी आलेच नव्हते. हजारो वर्षांनी दोन्ही कळप भेटले, संकर झाला, आणि त्या पिल्लात ही जोडी पहिल्यांदा एकत्र आली. तिचे जमले नाही, पिल्लू वांझ निघाले. एका डॉक्टरची गोळी चालते, दुसऱ्याचीही चालते, दोन्ही एकदम घेतल्या तर त्रास होतो, तसेच हे. वाटेत एकाही जीवाला वांझपण सोसावे लागले नाही, तरी भिंत उभी राहिली! जीवशास्त्रज्ञ बेटसन यांनी हे 1909 मध्ये मांडले होते, पण ते विस्मरणात गेले. पुढे जनुकशास्त्रज्ञ डॉब्झान्स्की यांनी 1937 च्या सुमारास आणि म्युलर यांनी 1942 मध्ये ते पुन्हा मांडले.

खरी मजा पुढे आहे. जीवशास्त्रज्ञ अ‍ॅलन ऑर यांनी 1995 मध्ये साधा हिशोब केला. दोन्ही कळपांत मिळून 10 बदल झाले, तर बिघडू शकणाऱ्या जोड्या किती? दहा जणांनी एकमेकांना तिळगूळ दिला तर जितक्या जोड्या जमतील तितक्या: 10 गुणिले 9 भागिले 2, म्हणजे 45. इथे चाणाक्ष वाचक अडवेल: दोन्ही बदल एकाच कळपातले असतील, तर ते एकमेकांना ओळखतातच की! खरे आहे. पण त्यातला नंतर आलेला बदल दुसऱ्या कळपात टिकून राहिलेल्या जुन्या रूपाला कधी भेटलेला नसतो. संकरात तीही नवीच जोडी ठरते. म्हणून मोजणी तीच राहते.

समजा, हजारात एक जोडी बिघडते. 100 बदलांत जोड्या 4950, बिघाड सुमारे 5. 200 बदलांत जोड्या 19,900, बिघाड सुमारे 20. बदल दुप्पट, बिघाड चौपट. उतारावरून घरंगळणारा बर्फाचा गोळा जसा वाढत्या वेगाने फुगतो, तशी ही भिंत आधी रेंगाळते आणि मग झपाट्याने उंच होते. मधला अडसर लवकर हटला तर कळप पुन्हा मिसळून जातात. उशिरा हटला तर नाही.

हे गणित कळप पुरते वेगळे झाल्याचे धरून चालते. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटावर मात्र दोन जातींचे पाम इवल्याशा जागेत वेगळे झाले. त्यांची माती निराळी आणि फुलण्याचा हंगाम काही आठवडे पुढेमागे. तिथे हंगामाचेच मॉडेल बांधावे लागते.

ऑर यांचा हिशोब 2010 मध्ये फळमाश्यांवर आणि टोमॅटोच्या रानटी नातेवाइकांवर तपासला गेला. फळमाश्यांत बिघाड खरोखरच बदलांपेक्षा वेगाने वाढलेले दिसले. टोमॅटोच्या संकरात बीज न धरण्यामागचे बिघाडही तसेच वाढले. परागकण वांझ होण्यामागचे मात्र वाढले नाहीत, ते सरळ रेषेतच राहिले. त्याच झाडांत, त्याच काळात बिजाचा आलेख वळतो आणि परागाचा वळत नाही, याचे कारण त्या साध्या सूत्रात कुठेच नाही.