कोपर बरं व्हायला वर्ष का लागतं?

भरलेली किटली उचलली की कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. बरणीचं झाकण फिरवताना, कपडे पिळताना, कुणाशी हात मिळवतानाही तेच. तिथल्या हाडाच्या उंचवट्याजवळ बोटाने दाबलं तर नेमकी एकच जागा ठणकते. हा टेनिस एल्बो. प्रौढांपैकी 1 ते 3 टक्के लोकांना तो असतो, बहुधा 35 ते 55 या वयात, बायकांना आणि पुरुषांना जवळपास सारखाच. रुग्णांमध्ये टेनिस खेळणारे दहात जेमतेम एक. बाकीचे सुतार, रंगारी, प्लंबर, स्वयंपाकी, नाहीतर आपल्यासारखे कुणीही.

दुखतं कोपर, पण ताण येतो तो मनगटाच्या कामाचा. मनगट आत दुमडून मूठ आवळून पाहा, जोरच लागत नाही. म्हणून काहीही घट्ट धरायचं तर हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू मनगट मागे ताणून धरतात, आणि त्यांचा कंडरा, म्हणजे टेंडन, त्या उंचवट्याला जोडलेला असतो. तेच काम शेकडो वेळा झालं की तिथले तंतू विस्कटतात. पूर्वी याला सूज समजत. पण शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर जुनाट दुखण्यात सुजेच्या पेशी फारशा सापडत नाहीत. दिसतात ते अस्ताव्यस्त, नीट न सांधलेले तंतू. कंडऱ्याला रक्तपुरवठा बेताचाच, त्यामुळे डागडुजी रेंगाळते. बहुतेकांना 6 महिने ते वर्ष लागतं, काहींना दोन वर्षंसुद्धा.

इतका धीर कुणाला असतो? मग स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं जातं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 185 रुग्णांवर केलेली एक चाचणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी 92 टक्के बरे झाले किंवा बरेच सुधारले होते, फिजिओथेरपीवाले 47 टक्के, आणि नुसती वाट पाहणारे 32. इंजेक्शनने बाजी मारली असंच कुणालाही वाटेल. वर्षअखेरीला मात्र आकडे उलटले: इंजेक्शन 69, फिजिओथेरपी 91, आणि वाट पाहणारे 83! पुढच्या चाचण्यांतही इंजेक्शननंतर दुखणं पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्तच दिसलं. माझ्या मते, सुई टोचून घेण्याआधी प्रत्येक रुग्णाला हे आकडे दाखवायला हवेत.

वाट पाहणं म्हणजे हात गळ्यात बांधून बसणं नव्हे. कळ आणणारी कामं कमी करायची, वस्तू तळहात वर करून उचलायची आणि मनगटाला हलक्या वजनाचा व्यायाम हळूहळू वाढवत द्यायचा. कोपराच्या थोडं खाली बांधायच्या पट्ट्याने काहींना तात्पुरता आराम पडतो. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते, तीही सहसा 6 ते 12 महिने इतर उपाय करून झाल्यावर. सचिन तेंडुलकरने 2005 मध्ये ती करून घेतली होती, आणि नंतर काही महिने तो मैदानाबाहेर होता.

हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा कोपर सरळच होत नसेल, तर दुखणं वेगळं असू शकतं. तेव्हा मात्र थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं.