बुबुळातली अर्धी बांगडी

कोजागिरीच्या रात्री बहिणीच्या घरी माळवदावर बसलो होतो. भाचा लातूरहून, बारावीच्या क्लासमधून, दोन दिवसांपुरता आला होता. उजव्या डोळ्याने चंद्राकडे बघत, डावा हाताने झाकून तो म्हणाला, “मामा, मला तीन-चार चंद्र दिसायलेत. एकावर एक रचल्यासारखे.” बहिणीचं उत्तर तयार होतं, “दिवसभर मोबाईलात तोंड घालून बसल्यावर दुसरं काय होणार?” दीड वर्षात त्याचा चष्मा तीनदा बदलला होता आणि तिन्ही वेळा घरात हेच ऐकू आलं होतं. चष्म्याच्या दुकानात दर वेळी नवा नंबर काढून काच बदलून मिळाली. नंबर असा का पळतोय, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबलं, तर दोन डोळ्यांचा ताळमेळ बिघडलेला असतो. एकाच डोळ्याने बघूनही एकाचे तीन दिसत असतील, तर दोष बहुधा त्या डोळ्याच्या भिंगात किंवा बुबुळात असतो. भाच्याला निघाला तो केराटोकोनस. बुबुळ पातळ होत होत शंकूसारखं पुढे येण्याचा हा आजार.

दहावीच्या पुस्तकात ज्याला पारपटल म्हणतात, दवाखान्यात कॉर्निया म्हणतात आणि नेत्रदानाच्या फलकावर बुबुळ, ती हीच वस्तू. आपल्याला काळं दिसतं ते तिच्या मागचं; ती स्वतः काचेसारखी स्वच्छ असते. मध्यभागी जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर धरली, तर त्यातले ४३ च्या आसपास एकटं बुबुळ सांभाळतं. त्यामुळे त्याच्या गोलाईत झालेला बारीकसा बदलही नजरेला लगेच जाणवतो.

बुबुळाचा बहुतेक भाग कोलॅजेनच्या तंतूंचे थर एकमेकांवर रचून बनलेला असतो. केराटोकोनसमध्ये ही वीण सैल पडते. डोळ्याच्या आत पाण्याचा दाब कायम असतोच. सैल पडलेली जागा, बहुतेक वेळा मध्यापासून किंचित खाली, त्या दाबाने फुगून पुढे येते. मग प्रकाश एका बिंदूवर जमत नाही, पसरतो. सिलेंडरचा, म्हणजे बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने लागणारा, नंबर वाढत जातो आणि तोही वेडावाकडा असतो, म्हणून चष्म्याने पूर्ण भरून निघत नाही. सुरुवात बहुधा तेरा-चौदा वर्षांच्या आसपास होते, वेग कोवळ्या वयात जास्त असतो आणि पस्तिशी-चाळिशीपर्यंत तो बहुतेकांत थंडावतो. म्हणजे नेमकी शिक्षणाची आणि नोकरी शोधण्याची वर्षं यात जातात.

कारणांमध्ये आनुवंशिकता आहे, पण आपल्याकडे मला जास्त काळजी डोळे चोळण्याची वाटते. सोयाबीन-तुरीच्या मळणीयंत्राची धूळ आणि उन्हाळ्यातला कोरडा वारा यांनी अ‍ॅलर्जी असलेल्या पोरांचे डोळे खाजतात आणि ती बोटांची हाडं रुतवून डोळे चोळतात. डोळे चोळण्याचा आणि केराटोकोनसचा संबंध अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. भाचा तर झोपेतही चोळायचा. आपल्या शेजारच्या विदर्भात, नागपूरजवळच्या खेड्यांत ३० वर्षांवरच्या ४,६६७ लोकांची पाहणी झाली होती. २००९ मध्ये छापलेल्या तिच्या निष्कर्षांत केराटोकोनसचं प्रमाण २.३ टक्के निघालं. तिथे निदान फक्त बुबुळाच्या उतारावरून केलं होतं, म्हणून आकडा थोडा फुगलेला असू शकतो. अर्धा मानला तरी शंभरात एक होतो.

आता त्या बांगडीबद्दल.

परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने आम्ही हैदराबादला गेलो. तिथे डॉक्टरांनी बुबुळाचा नकाशा काढला. टोपोग्राफी म्हणतात त्याला. सपाट भाग निळा-हिरवा, चढ असलेला भाग तांबडा. भाच्याच्या उजव्या डोळ्यात खालच्या अंगाला लालभडक ठिपका होता. कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरून बघितली होती, पण धुळीत ती त्याला सहन होईना. मग डॉक्टरांनी छोट्या डबीतला एक तुकडा दाखवला. कापलेल्या नखाएवढा, तसाच वाकडा, आरपार दिसणारा. काचेची बांगडी फुटल्यावर जो बारीक तुकडा अंगणात सापडतो, अगदी तसा. जाडी पाव मिलिमीटर.

हा तुकडा, म्हणजे बुबुळात बसवायची कडी, पीएमएमए नावाच्या प्लास्टिकचा असतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तेव्हा हॅरल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं की डोळा या पदार्थाला फारसा विरोध करत नाही. १९४९ मध्ये त्यांनी त्याचंच भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाला बसवलं. बुबुळाच्या कडेला काही भरलं की मधला भाग सपाट होतो, हे सूत्र कोलंबियात काम करणारे होझे बाराकेर यांनी मांडलं. ब्राझीलचे पाउलो फेरारा यांनी १९८० च्या दशकात अशा कड्या विकसित केल्या आणि फ्रान्सचे जोसेफ कोलँ यांनी १९९७ मध्ये इंटॅक्स नावाच्या कड्या केराटोकोनसच्या डोळ्यात बसवल्या. या इंटॅक्स मुळात थोड्या मायनस नंबरसाठी बनवल्या होत्या. तो उपयोग लेझरपुढे मागे पडला, हा टिकला.

कडेला भर घातल्यावर मधला भाग सपाट का व्हावा? बहिणीला मी बाजेवर दाखवलं. वाकळ चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचा, मध्ये थोडा फुगवटा राहू द्या. आता कडेजवळ वाकळीखाली एक काठी सरकवा. वाकळीला काठीवरून वळसा घ्यावा लागतो, तेवढी ती मधून ओढली जाते आणि फुगवटा बसतो. बुबुळाचे थरही दोन्ही टोकांना असेच बांधलेले असतात. कडी त्यांना वळसा घालायला लावते.

भूल थेंबांचीच. फेम्टोसेकंद लेझरने, म्हणजे अतिसूक्ष्म काळाचे झटके देणाऱ्या लेझरने, बुबुळाच्या आत, जाडीच्या साधारण ७० ते ८० टक्के खोलीवर, गोल बोगदा कोरला जातो. याला काही सेकंद लागतात. मग बारीकशा छेदातून कडी आत सरकवतात. कडी मधल्या दृष्टिमार्गाबाहेर बसते. त्याच दिवशी आम्ही लॉजवर परतलो.

या कडीकडून काय मागायचं, हे आधी कळलं पाहिजे. ती आजार बरा करत नाही आणि चष्माही बहुधा सुटत नाही. बुबुळाचा उतार काही डायॉप्टरने उतरतो, वेडावाकडा नंबर जरा सरळ होतो आणि मग चष्मा किंवा लेन्स उपयोगी पडू लागते. नजर स्थिर व्हायला काही महिने लागतात. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. क्वचित कडी सरकते, वर येते किंवा जंतुसंसर्ग होतो. तसं झालं तर ती काढता येते, आणि बुबुळ बरंचसं पूर्वीच्या आकाराला येतं. मला ही सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. मात्र बुबुळ फार पातळ झालं असेल किंवा मधोमध फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलं असेल, तर कडीचा उपयोग नाही. तिथे नेत्रदानातून मिळालेल्या बुबुळाचं रोपण करावं लागतं.

आजार थांबवायचं काम सी-थ्री-आर या दुसऱ्या उपचाराचं. बी-२ जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब बुबुळात मुरवायचे आणि त्यावर अतिनील प्रकाश सोडायचा. तंतूंमध्ये नवे टाके पडतात आणि वीण घट्ट होते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये हे तंत्र तयार झालं. भाच्याच्या उजव्या डोळ्यात कडी आणि सी-थ्री-आर दोन्ही झालं, डाव्यात नुसतं सी-थ्री-आर.

प्लास्टिकच्या जागी माणसाच्याच बुबुळाची कडी वापरण्याची पद्धत चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी रूढ केली. दान मिळालेल्या ज्या बुबुळाच्या आतल्या पेशी थकलेल्या असतात आणि जे पूर्ण रोपणाला चालत नाही, तेही यात उपयोगी पडतं. आणखी एक वाट स्वीडनमधून निघाली आहे. लिंकोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी डुकराच्या कातडीतलं कोलॅजेन शुद्ध करून त्याची पारदर्शक चकती बनवली. ती दिल्लीच्या एम्समध्ये आणि इराणमध्ये मिळून बळावलेल्या केराटोकोनसच्या २० रुग्णांच्या बुबुळात बसवली गेली. त्यांपैकी १४ जण आधी अंध होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी एकही अंध राहिला नव्हता. वीस ही संख्या लहान आहे. पण दान मिळालेल्या बुबुळासाठी जिथे रांग लावावी लागते, त्या देशात मी ही बातमी दोनदा वाचली.

पुढच्या तपासणीला आम्ही धाकट्या भाचीलाही घेऊन गेलो. ती तेरा वर्षांची, तिला चष्मा नाही, पण हा आजार भावंडांत असू शकतो आणि डोळे तीही चोळते. बहीण पडद्याकडे बघत उभी होती. दोन्ही नकाशे हिरवे आले. डॉक्टरांनी खाजेचे थेंब लिहून दिले आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायला सांगितलं. परतीच्या गाडीत भाचीचा हात डोळ्याकडे गेला की बहीण तो अलगद खाली धरायची.