गावचं जेवण पाटीवर का सापडत नाही: झाडीपट्टी, लाखोरी आणि एक बंदी

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पहिल्यांदा जाणारा माणूस 'इथलं खास' शोधू लागला की रस्त्यावर त्याला सावजीच्याच पाट्या दिसतात. सावजी हे मुळात नागपुरातल्या विणकर वस्त्यांचं रांधणं. ढाब्यांच्या मागे मागे ते खेड्यांपर्यंत आलं, तेही अलीकडे. चव झणझणीत, तक्रार नाही. पण झाडीपट्टीतल्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या, घरात ते रोज शिजत नाही.

घरचं जेवण विकायची इथे रीतच नव्हती. बाजाराला आलेला माणूस भजी-चिवडा खायचा आणि जेवायला सोयऱ्याकडे जायचा. पूर्वेला भात आणि मालगुजारी (जुन्या जमीनदारी काळातल्या) तलावांतले मासे, पश्चिमेला वऱ्हाडात ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण, ही वाटणी जुनीच. वऱ्हाडातली घडी सोयाबीनने मोडली. ज्वारीचा पेरा आटला, त्याबरोबर कडबाही गेला आणि रेशनचे गहू-तांदूळ ताटात आले. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि भाकरी मेनूकार्डावर मानाने चढली, नेमकी शेतातून उतरल्यावर.

पूर्वेकडची गोष्ट वेगळी. तिथे ताटातला एक पदार्थ सरकारी नियमाने दडवला. लाखोरी, म्हणजेच लाखोळी किंवा नुसती लाख, हे एक कडधान्य. धान कापायच्या आधी, बांधीत (धानाच्या शेतात) ओल असतानाच ती उभ्या पिकात फेकतात; याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, खर्च जवळपास नाही. थंडीत कोवळे शेंडे खुडून भाजी करायची, पुढे दाण्याची डाळ. डाळीचं वरण होतं आणि भिजवून वाटून वडेही.

१९६१ मध्ये अन्नभेसळीच्या केंद्रीय नियमांत लाखोरीच्या विक्रीला मनाई आली. अंमल राज्यांनी करायचा होता. महाराष्ट्राने केला, शेजारच्या मध्य प्रदेशाने केला नाही. म्हणजे एकच दाणा सीमेच्या अलीकडे गुन्हा आणि पलीकडे किराणा. शेतकऱ्याने पेरावी, घरी खावी, फक्त विकू नये, असा हा कारभार.

भीती निराधार नव्हती. दाण्यातल्या एका विषारी घटकामुळे, लाखोरीच मुख्य अन्न म्हणून महिनोन् महिने खाल्ली तर पाय लुळे पडतात, आणि ते कायमचे. दुष्काळात, किंवा मजुरी म्हणून लाखोरीच पदरी पडणाऱ्या सालदारांच्या (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांच्या) घरांत असे रोगी दिसत. पण भाताबरोबर वाटीभर वरण खाणारा आणि दुसरं काहीच नसणारा यांना एकाच नियमात बसवलं गेलं. डाळ भिजवून, उकळून पाणी टाकून दिलं की विष बरंच उतरतं, हेही नियमाने विचारात घेतलं नाही. बंदीच्या बाजूचे म्हणत, वाईट साली गरिबाला निवड नसते. मुद्दा खरा आहे, पण मग उपाय मजुरीवर हवा होता, झाला डाळीवर.

पुढे नागपुरातून बंदीविरोधात उपोषणं झाली. कमी विषाचे वाण आले आणि त्यांच्या आधारे २०१६ मध्ये केंद्रीय पातळीवरच्या तज्ज्ञ समितीने बंदी उठवण्याची शिफारस केली. मधल्या काळात हॉटेलवाल्याने हे नाव पाटीवर घालायचं टाळलं आणि ती सवय अजून आहे. गंमत अशी की तूरडाळीत, बेसनात लाखोरी मिसळल्याच्या तक्रारी तेवढ्याच जुन्या; पाहुण्याने ती भज्यांतून नकळत खाल्लेलीही असेल.

तेव्हा शोधायची तर ऋतू धरून. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, रात्री नाटक असतं आणि घरोघरी पाहुणे. त्या दिवसांत ओळख काढून घरी गेलेलं बरं. थंडी वाढली की आठवडी बाजारात भाजीवालीच्या पाटीत लाखोरीचे शेंडे येतात. वडे कुठे मिळतील, ते तिलाच विचारावं. बचत गटांच्या स्टॉलवरही हल्ली ते दिसतात, पण सकाळीच. दुपारपर्यंत उरतात ती भजी.